थंड चुलीचं शूटिंग

आमच्या कार्यक्रमात भाकरी मोडणारा, तर्रीत पाव बुडवणारा, कांद्यावर लिंबू पिळणारा जो हात दिसायचा, तो सरांचा नव्हता. तो माझा होता. मनगटावर सरांचं घड्याळ, कोपरापर्यंत सरांच्या जुन्या शर्टाची बाही आणि बाहीच्या आत मी. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही गावांनी तो हात सरांचा म्हणून पाहिला. फक्त माझ्या आईने ओळखला. करंगळीखाली मला तव्याचा चटका बसला होता, त्याचा डाग राहिला होता. टीव्हीसमोर बसून ती म्हणाली, "मास्तरांच्या हाताला तुझा डाग कसा गं?" मी म्हटलं, "गप जेव."

नव्वदीतली गोष्ट. घरोघरी केबल आली होती आणि प्रत्येक केबलवाल्याला आपलं स्वतःचं एक चॅनल असावं असं वाटत होतं. आमचा मालक अंबरनाथचाच. आधी तो व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी चालवायचा. मग गच्चीवर डिश आली, मग बाजूच्या खोलीत निळा पडदा लागला आणि त्या पडद्यासमोर बसून मी संध्याकाळी वाढदिवस वाचायला लागले. अमुक चाळीतल्या अमक्याला आजी-आजोबांकडून शुभेच्छा. घरचे म्हणायचे, पोरगी टीव्हीवर असते. पोरगी कसली टीव्हीवर, पोरगी पंखा नसलेल्या खोलीत घामाघूम.

एक दिवस मालकाच्या डोक्यात आलं, आपल्याकडची हॉटेलं दाखवायची. बोलायला माणूस हवा. बदलापूरला कात्रपमध्ये राहणारे एक सर होते, शाळेत विज्ञान शिकवायचे आणि गणपतीत, क्रीडास्पर्धेत माइकवर बोलायचे. त्यांचा आवाज असा की भोंग्यातून आला तरी कानाला गोड लागायचा. ते तयार झाले. तिसरा आमचा कॅमेरावाला. त्याला सगळे दादा म्हणत, आम्हीही. लग्नाची शूटिंगं हा त्याचा धंदा, कॅमेरा त्याचाच. आणि सगळी गंमत त्या कॅमेऱ्यापासून सुरू झाली.

लग्नं असली की कॅमेरा लग्नात. मग आमच्या वाट्याला तो कधी यायचा? चातुर्मासात. त्यातही श्रावणात, कारण पुढे दहीहंडी आणि गणपती लागले की मंडळवाले दादाला सोडत नसत. हॉटेलवाल्यांनाही श्रावणच सोयीचा. मटणाच्या हॉटेलात त्या महिन्यात कोणी फिरकत नाही, मालक मोकळा, टेबलं मोकळी. म्हणजे सगळं जमून आलं होतं. फक्त एवढंच, की आमचे सर श्रावण पाळायचे.

आणि कसा पाळायचे. कांदा-लसूण बंद, बाहेरचं बंद, सोमवार आणि शनिवार कडक उपास. खाण्याचा कार्यक्रम करणारा माणूस आणि तोंडात घास घालायला तयार नाही. पहिल्या दिवशी मी मालकाला म्हटलं, "दुसरा बघा कोणीतरी. हा काय उपाशी घोडा आणलाय?" मालक म्हणाला, "आवाज ऐक की त्याचा." सरांनी हे ऐकलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "मी खाल्लं असं मी कधीच म्हणणार नाही. खाणाऱ्याला काय वाटतं ते सांगेन. खाणारी तू."

तर असा तो कारखाना चालायचा. मी खायचे, सरांच्या कानात सांगायचे आणि सर ते कॅमेऱ्यासमोर मांडायचे. मी म्हणायचे, "तिखट आहे, पण आधी गोड लागतं, मग मागून पकडतं." सर कॅमेऱ्याकडे वळून म्हणायचे, "या रश्श्याची खोड अशी, की तो तुम्हाला आधी घरात घेतो आणि मग दार लावतो." ऐकून माझाच मला हेवा वाटायचा. जांभूळ गावच्या रस्त्यावर एका शेतकऱ्याच्या घरचं छोटं हॉटेल होतं. तिथली वहिनी तांदळाची भाकरी हातावर थापायची आणि गावठी कोंबडीचा रस्सा करायची. मी तीन वेळा वाढून घेतलं आणि सरांना एवढंच सांगू शकले की सर, बोलता येत नाही. सरांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं, "खाणाऱ्याला मी विचारलं, कसं आहे. त्याने उत्तर दिलं नाही. ताट पुढे केलं." त्या हॉटेलात पुढे बसायला जागा मिळत नव्हती म्हणे. सर जे बोलले ते खरंच होतं. फक्त खाणारा 'तो' नव्हता.

बाकीच्या लबाड्या दादाच्या. हॅलोजनच्या उजेडात गरम पदार्थाची वाफ दिसतच नाही, म्हणून मी टेबलाखाली उदबत्त्यांचा जुडगा धरून बसायचे आणि ताटामागून धूर सोडायचे. तो धूर पडद्यावर अगदी वाफेसारखा दिसे. हॉटेलात मात्र देवघरासारखा वास सुटायचा. वरची तर्री ताटापर्यंत येता येता बसून जाई, मग ब्रश घेऊन तिला गरम तेलाचा हात मारायचा. कोथिंबिरीवर पाणी शिंपडायचं. मागच्या बाकांवर चवीने जेवणारी गिऱ्हाइकं म्हणजे आमच्या मालकाचे मेहुणे आणि साडू. आईस्क्रीम दोन मिनिटं टिकत नसे, म्हणून एकदा वनस्पती तुपात पिठीसाखर घोटून त्याचा गोळा ठेवला, तर एका साडूने तो खाल्ला आणि छान आहे म्हणाला.

सर या कशात नसायचे. कुरकुर नाही, टोमणा नाही. धूर निघायला लागला की ते बाहेर जाऊन उभे राहायचे आणि सगळं झालं की आत येऊन बोलायचे. मला त्याचा राग यायचा. माझं डोकं तसं लवकर तापतं. आम्ही टेबलाखाली गुदमरतोय आणि हे पवित्र. एकदा मी म्हटलंसुद्धा, "सर, तुम्ही सोवळ्यातले, आम्ही लबाड. असंच ना?" ते हसले. "अगं, माझ्या आवाजाला तुझी जीभ आणि तुझा हात लागतो. मी कसला सोवळ्यातला?" मग माझा राग निघून गेला. त्यांच्यावर रागवून फार वेळ राहता यायचं नाही, हा त्यांचा मोठाच दोष.

अशात एक दिवस ऑफिसात अम्मा आली.

उल्हासनगरला कॅम्प एक नावाच्या वस्तीत तिचं दाल-पकवानचं, म्हणजे डाळ आणि कुरकुरीत तळलेल्या पुरीचं, दुकान होतं. सत्तरीची सिंधी बाई, बुटकी, जाड चष्मा, पांढरी ओढणी. जिना चढून धापा टाकत आली आणि बसायच्या आधीच बोलली, "मेरा दुकान भी टीवी पे दिखाओ." मालकाने विचारलं, काय खास आहे. ती म्हणाली, "खास कुछ नहीं. दाल है, पकवान है. पर दिवाली के बाद नहीं रहेगा."

मग तिने सांगितलं. मुलाचा जीन्सचा धंदा होता. त्या काळात उल्हासनगरात ज्याच्या त्याच्या घरात जीन्सची मशिनं घरघरत असत. मुलाचं काम मागच्या गल्लीत चालायचं आणि त्याला आता हमरस्त्यावरची जागा हवी होती. अम्माचं दुकान नेमकं हमरस्त्यावर. गिऱ्हाईक कमी झालं होतं, समोर नवीन चायनीजची गाडी लागली होती. मुलाने सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत दुकानाने जीव धरला तर ठीक, नाही तर दिवाळीच्या मुहूर्तावर तिथे मशिनं बसतील. तो वाईट मुलगा नव्हता. आईने या वयात भट्टीपुढे उभं राहू नये असंही त्याला मनापासून वाटत होतं. पण अम्माला भट्टीपुढेच उभं राहायचं होतं. "घर में बैठ के क्या करूँ," ती म्हणाली, "दीवार देखूँ?"

सर त्या दिवशी ऑफिसातच होते. त्यांनी मालकाकडे पाहिलं. मालक म्हणाला, "करू. पण कधी?"

ते 'कधी' ठरवायला आम्ही तिघं भिंतीवरच्या कालनिर्णयाखाली उभे राहिलो. सोमवार, शनिवार नाही, सरांचा उपास. गोकुळाष्टमी नाही, उपास. दहीहंडीला दादा मंडळांकडे. मग गणपतीची आगमनं, मग गणपती. पितृपक्षात मालक नवीन काही करू देत नसे. नवरात्रात सरांचे नऊ दिवस आणि दादाचा गरबा. त्यानंतर दिवाळी आलीच. शोधून शोधून एकच दिवस सापडला. अष्टमीच्या आदल्या दिवशीची सप्तमी. त्या चौकोनात आमच्या कामाचं काहीच नव्हतं. दादाने त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हा घ्या, एकदम क्लिअर." आम्ही तिघांनी आपापले उपास, आपापले सण चुकवून तो दिवस काढला होता. दुसऱ्या कोणाचा सण असेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. सिंध्यांच्या गावात आयुष्य काढलेली आम्ही माणसं.

त्या दिवशी दुपारी आम्ही कॅमेरा, हॅलोजन, वायरीचं भेंडोळं घेऊन अम्माच्या दुकानात गेलो. शटर अर्धं वर होतं. वाकून आत गेलो तर भट्टी गार. नुसती गार नाही, धुतलेली, पुसलेली. तिच्यावर पाण्याचे थेंब होते आणि दोन फुलं. टेबलावर पितळी परातीत झाकून ठेवलेलं खाणं आणि बाजूला अम्मा, धुतलेला सलवार-सूट घालून, हात जोडून बसलेली.

"आज चूल्हा नहीं जलेगा," ती म्हणाली. "आज थदड़ी है."

थदड़ी म्हणजे काय, ते तिनेच सांगितलं. वर्षातून एक दिवस सिंधी घरात चूल पेटत नाही. आदल्या दिवशी सगळं करून ठेवायचं आणि त्या दिवशी थंड खायचं. चुलीवर पाणी शिंपडायचं, तिलाही गार करायचं. देवी शांत राहते, मुलांना सांभाळते. "मैंने बेटे को बोला था, टीवीवालों को बोल, दूसरा दिन दो. इसने बोला नहीं."

मुलगा शटरजवळ उभा होता. चाळिशीचा, बोटं जीन्सच्या रंगाने निळी. तो म्हणाला, "मुझे लगा कैमरा आएगा तो जला देगी." आणि मग आईला, "अम्मा, पाँच मिनट. जला के बुझा दो. कौन देखता है?"

"कौन देखता है मतलब? सारा कैंप देखेगा. टीवी है ना?"

दादाला हसू आलं, पण त्याचाही जीव वर-खाली होत होता. "अम्मा, दाल-पकवानचं दुकान आणि पकवान तळताना दाखवायचं नाही? मग मी काय शूट करू, शटर?" त्याने मला खूण केली. उदबत्त्या माझ्या पिशवीत होत्या. तो हळूच म्हणाला, "ताई, भट्टीमागून धूर सोड. पेटली असं वाटेल. जळलं काहीच नाही, तिचा नेमही राहील." खरं सांगते, मला ते पटलं होतं. त्या म्हातारीचं दुकान जाऊ नये, एवढंच मला दिसत होतं. मी तिच्यापुढे उकिडवी बसले आणि म्हटलं, "अम्मा, आज नाही झालं तर दिवाळीच्या आधी कॅमेरा मिळणार नाही."

"नहीं मिलेगा?"

"नाही."

तिने भट्टीकडे पाहिलं. ओढणीच्या टोकाने तिच्यावरचा एक ओघळ पुसला. "तो नहीं मिलेगा," ती म्हणाली.

मी उठून उभी राहिले आणि पिशवीतल्या उदबत्त्यांना हात लावला नाही. दादा वायर गुंडाळायला लागला. आणि तेव्हा सर बोलले. "दादा, वायर राहू दे. आपण थंडच दाखवू."

"सर, वाफ नाही, तळण नाही, आग नाही. बघणार कोण?"

"मी खाणार आहे," सर म्हणाले.

मला वाटलं ऐकण्यात काही चुकलं. सवयीने मी बाही चढवायला घेतली होती. सरही सवयीने घड्याळ काढत होते. पट्टा अर्धा निघाला होता. तो त्यांनी परत घातला, नीट बसवला आणि अम्माच्या समोरच्या स्टुलावर बसले. "अम्मा, सावन में मैं बाहर का नहीं खाता. पर ये तो आपके घर का है ना? इसमें प्याज़ तो नहीं?"

तिने परातीवरचं फडकं काढलं. "लोले में प्याज़ कौन डालता है, मास्टर?"

लोला म्हणजे कणकेची, गुळाची, तुपात भाजलेली जाडसर गोड पोळी, आपल्या दशमीच्या जरा जवळची. दादाने कॅमेरा खांद्यावर घेतला, हॅलोजन लावला. त्या उजेडात ती काल केलेली पोळी फार काही सुंदर दिसत नव्हती. ब्रश नाही, तेल नाही, धूर नाही. सरांनी तुकडा मोडला, आपल्या हाताने, आणि तोंडात घातला.

आम्ही वाट पाहिली. आता आवाज येईल, आता वाक्य येईल. आलं नाही. सर चावत राहिले. दुसरा तुकडा मोडला. अम्मा त्यांच्याकडे बघत होती, जशी कुठलीही बाई आपल्या हातचं खाणाऱ्याकडे बघते. मी बाजूला हात खाली सोडून उभी होते. कसं लागतंय, हे मला कोणी विचारत नव्हतं. थोडं वाईट वाटलं आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

मग सरांनी भरल्या तोंडाने विचारलं, "कब से करती हो, अम्मा? थदड़ी."

माइकवर बोलायची त्यांची रीत ही नव्हती. घरात जेवताना विचारावं तसं त्यांनी विचारलं आणि अम्माही तसंच बोलली. कॅमेरा चालू आहे हे ती विसरली असावी.

"करती तो पहले से थी. सास करवाती थी. एक साल नहीं किया."

फाळणीनंतर ती माणसं इथे आली तेव्हाचं ती सांगत होती. लष्कराच्या बराकी, एका बराकीत कितीतरी घरं, मध्ये गोणपाटाचे पडदे. तिची पहिली मुलगी लहान होती. थदड़ीचा दिवस होता, पाऊस लागला होता, पोरीचं अंग थंडीने काकडत होतं. "उसने गरम माँगा. गरम रोटी. मैंने सास से छुपा के जलाया. एक रोटी." परातीतला लोला तिने उगाच सरळ केला. "थोड़े दिन में उसको माता निकली. बस."

माता निघणं म्हणजे देवी. त्या काळात बराकींतून देवीने किती पोरं नेली असतील कोण जाणे.

विज्ञान शिकवणारा माणूस समोर बसला होता. देवीचा रोग कशाने होतो, हे त्यांनी फळ्यावर चित्र काढून किती वर्गांना शिकवलं असेल. रोटीचा आणि त्याचा संबंध नसतो, हे ते एका वाक्यात सांगू शकले असते. मी मनात घाबरले होते की आता सांगतील. पण त्यांनी विचारलं, "नाम क्या था उसका?"

अम्माने नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

शटरजवळ काहीतरी पत्र्यावर आपटलं. मुलगा होता. त्याचा हात शटरवर आपटला होता आणि तो तसाच धरून उभा राहिला होता. "अम्मा," तो म्हणाला, "ये तो मेरी बेटी का नाम है."

"हाँ."

"तूने रखा था."

"हाँ. मैंने रखा था."

त्याला एक बहीण होती, हे त्याला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं आईच्या शेजारी जगलेला माणूस, आणि आई पोटात काय घेऊन भट्टीपुढे उभी असते, हे त्याला परक्या माणसांसमोर, हॅलोजनच्या उजेडात कळलं. तो आत आला. सरांच्या बाजूला जागा नव्हती, तरी दाटीवाटीने स्टुलाच्या कडेवर बसला आणि निळ्या बोटांनी परातीतला लोला उचलला. मोडलाही नाही, सरळ तोंडाला लावला. चावताना त्याचे डोळे वाहत होते आणि अम्मा त्याला रागवत होती, "धीरे खा. सूखा है, दही ले."

दादाने एकदाही कॅमेरा बंद केला नाही. लग्नात विदाईच्या वेळी तो म्हणे असाच श्वास धरून उभा राहतो. सगळं झाल्यावर त्याने कॅमेरा खाली ठेवला आणि भट्टीला हात लावून नमस्कार केला. मी उदबत्त्यांचा जुडगा अम्माला दिला. तिने विचारलं, "इतनी सारी? तुम लोग पूजा बहुत करते हो क्या?" आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

मालकाने तो भाग पाहिला तेव्हा तो वैतागला. "हा खाण्याचा कार्यक्रम आहे की काय आहे? सर बोलतच नाहीत." सर म्हणाले, "हा असाच जाईल. नाही तर पुढचे भाग दुसऱ्या कोणाला घेऊन करा." मी त्यांना आवाज चढवताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आवाज तरी कसला, एवढासा चढला होता. पण मालकाने ऐकलं आणि शुक्रवारी तो भाग जसाच्या तसा गेला. धुराशिवाय, तेलाच्या हाताशिवाय, साडू-मेहुण्यांशिवाय.

त्यानंतर काय झालं ते मला दादाकडून कळत गेलं. पुढच्या रविवारी अम्माच्या दुकानासमोर माणसं उभी होती. जुन्या बराकीतल्या बायका आल्या होत्या, कोणी अंबरनाथहून, कोणी पार बदलापूरहून. दाल-पकवान खायला थोड्या आणि अम्माच्या बाजूला बसायला जास्त. तिच्यासारख्या आणखी किती जणी होत्या, हे तिलाही तेव्हा कळलं. गर्दी काही कायम राहिली नाही, कुठलीच राहत नाही. पण दिवाळी आली आणि मशिनं बसली ती कॅम्प पाचमध्ये. मुलाने तिथे जागा बघितली होती. लांब पडतं, म्हणाला, पण ठीक आहे.

आमच्या त्या कार्यक्रमाचं आज काही शिल्लक नाही. दादा कॅसेट पुन्हा पुन्हा वापरायचा. मटणाच्या रश्श्यावर साखरपुडा, मिसळीवर मुंज, असं सगळं एकावर एक छापलं गेलं. जांभूळची वहिनी गेली, सरांची सगळी वाक्यं गेली, माझा हात गेला. फक्त त्या एका कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा दादाने स्क्रूड्रायव्हरने तोडला. तो तुकडा तोडला की कॅसेटवर परत काही रेकॉर्ड करता येत नाही. रिकामी कॅसेट म्हणजे ज्याचा जीव की प्राण, त्याने ती अशी निकामी केली आणि अम्माच्या मुलाला नेऊन दिली.

पुढच्या श्रावणात मी मुद्दाम दिवस विचारून कॅम्प एकला गेले. या वेळी कालनिर्णय नाही बघितला, ऑफिसखालच्या सिंधी कापडवाल्याला विचारलं. शटर अर्धं वर होतं. आत अम्मा स्टुलावर बसून सूचना देत होती आणि तिची नात, सात-आठ वर्षांची असेल, तांब्यातलं पाणी भट्टीवर शिंपडत होती. अर्धं भट्टीवर, अर्धं स्वतःच्या फ्रॉकवर. अम्माने मला ओळखलं. लोला दिला, दही दिलं, सर कसे आहेत विचारलं.

तेवढ्यात मागच्या दारातून मुलाची हाक आली. मुलीला हाक मारली त्याने, पूर्ण नाव घेऊन, मोठ्याने. पोरगी तांब्या ठेवून पळाली.

"पहले इसको गुड़िया बुलाता था," अम्मा म्हणाली. "अब दिन भर पूरा नाम लेता है." तिने चष्मा काढून ओढणीने पुसला. "मेरे को सुनाने के लिए."